आखाजीचा डोस

लस टोचणाऱ्या बाईकडे किस्से आपोआप साचतात. एका हातात कापूस, दुसऱ्या हातात लेकरू, कान मात्र मोकळेच असतात ना! मी खान्देशातल्याच पिंप्राळ्याची, नर्स म्हणून नेमणूक धुळ्याकडच्या एका खेड्यात. बारा वर्षांपुढच्या मुलांना कोरोनाची लस सुरू झाली, तो उन्हाळा आठवला की मन अजून तिथेच जाऊन बसतं. सोबतीला गावातली आशा कार्यकर्ती, सुनंदाताई.

*

शाळेत मी लिहिता हात सोडून दुसऱ्या दंडात सुई देत होते. हे कळल्यावर पोरांचा बेत ठरला. एकेक जण येऊन सांगू लागला, "सिस्टर, मी डावखुरा शे." उजवा दंड दुखला की अभ्यासाला सुट्टी! नववा डावखुरा निघाला तेव्हा गुरुजींनी सगळ्यांना फळ्यासमोर उभं करून डाव्या हाताने नाव लिहायला लावलं. एकही नाव गुरुजींना वाचता आलं नाही.

*

टोचल्यावर अर्धा तास बसायचं. पोरं कुठली बसतात! म्हणून सुनंदाताईने घरची केळी आणली. जो अर्धा तास बसेल त्याला केळं. एक पोरगी केळं संपवून पुन्हा रांगेत.

"तुझं झालंय ना गं?"

"दुसरा डोस बी आजच दी टाका."

महिनाभर थांब म्हटल्यावर तिने टोपलीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून विसरले नाही.

*

गावातले नाना मात्र नातीला पाठवेनात. गौरी तेरा वर्षांची. त्यांची बायको, साऱ्या गावाची अक्का, आदल्या उन्हाळ्यात कोरोनानेच गेली होती. आम्ही तिसऱ्यांदा घरी गेलो तेव्हा नाना म्हणाले, "हिनी आजीले बी दवाखानामा सुईच लायी व्हती. ती परत नही उनी."

त्यांची भीती खोटी कशी म्हणायची? आणि पोरीला तसंच सोडवतही नव्हतं. परत येताना फार वाईट वाटलं.

*

दुसऱ्या डोसची तारीख मी लावली नेमकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पिंप्राळ्यात वाढून ही चूक! आखाजीला खान्देशातली बाई पोरांसकट माहेरी जाते. यादीतलं एकही पोर गावात नाही आणि केंद्रात मात्र गर्दी. सगळे या गावचे भाचे. कुणी जामनेरचं, कुणी बोदवडचं. बोदवडच्या सिस्टरला फोन लावला.

ती म्हणाली, "तुझी तीन माझ्यासमोर उभी आहेत. टोचू का?"

"टोच बाई. तुझी दोन मी टोचते."

*

त्याच दुपारी लशीचा डबा आवरत होते, तर नाना दारात.

"घर चला. गौरीले टोचा."

आखाजीला आमच्याकडे वारलेली माणसं घरी येतात म्हणतात, त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. अक्का गेल्यानंतरची ती पहिलीच आखाजी. नानांच्या घरात घागर भरून ठेवलेली, तिच्यावर आंबा आणि सांजोरी. "आठे बस," म्हणत नानांनी गौरीला घागरीशेजारी बसवलं.

"आज हिनी आजी घर येल शे. तिना समोर टोचा."

मी टोचलं. मग अर्धा तास. नानांनी नातीचं मनगट घट्ट धरलेलं, नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"सिस्टर, झाया का टाइम?"

"झाला, नाना."

नानांनी मनगट सोडलं, घागरीकडे वळले आणि म्हणाले, "दख, पोर आठेच शे."