स्नुषा, स्नाहा, सून

माझी मैत्रीण शरयू गेल्याचं मला तिच्या सुनेनेच फोनवर सांगितलं. एलिना मूळची बल्गेरियाची, लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये नर्स. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली.

डॉक्टर नवऱ्यामागोमाग शरयू पुण्याहून इथे आली, आणि मुलगा शाळेत जायला लागल्यावर युनिव्हर्सिटीत जुन्या स्लाव्ह भाषांच्या नादी लागली. जिचा एक लिखित कागदही उरला नाही, अशी मूळ भाषा तिच्या आजच्या वंशजांच्या बोलण्यावरून पुन्हा उभी करायची, हे तिचं काम. हे सगळं अंदाजपंचेच, असं मी एकदा तिला चिडवलं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, सगळ्या नातवंडांची नाकं पाहिली की आजीचं नाक सांगता येतं."

मुलाने, निनादने, एलिनाशी लग्न ठरवलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. शरयूने मनधरणी केली नाही. जेवताना ती त्यांना सांगत राहिली, की संस्कृतातल्या स्नुषेची आपण सून केली आणि तिचीच बहीण जुन्या स्लाव्हमधून येत एलिनाकडे 'स्नाहा' झाली. दोघींच्या मूळ शब्दाचा शेवट होता पुल्लिंगी नामांसारखा. पण सून ती बाईच, म्हणून तिकडच्यांनी आणि इकडच्यांनी, एकमेकांना न विचारता, शेवटी 'आ' जोडला.

"शब्द एक असला म्हणून घर एक होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाहीच होत. ते आपल्याला करावं लागतं."

आणि तिने एलिनाच्या आईलाच जेवायला बोलावलं. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. जेवणानंतर त्यांनी पर्समधून घरच्यांचा फोटो काढून डॉक्टरांपुढे धरला, आणि आपल्या मुलाशेजारच्या मुलीवर बोट ठेवून कौतुकाने म्हणाल्या, "स्नाहा." एलिना अर्थ सांगायला लागली, तर डॉक्टरांनी तिला हातानेच थांबवलं. बराच वेळ फोटो पाहिला. मग एलिनाकडे बोट करून बाईंना म्हणाले, "सून. आमची."

लग्न थाटात झालं.

परवा त्यांच्याकडे गेले होते. शरयू माझंसुद्धा व्याकरण सुधारायची, डॉक्टर तर त्याबाबतीत तिच्याहून कडक. एलिनाचं मराठी मात्र शरयूने कधी दुरुस्त केलं नाही. स्वयंपाकघरातून एलिनाची हाक आली, "बाबा, चहा झाली."

डॉक्टर खुर्चीतून उठले.

"झाली? आलोच."