काचेवर ठेवलेला बोर्ड

"ठेव. ठेव तो खाली."

मदरबोर्ड माझ्या हातात होता. दुकानदारानंच खोक्यातून काढून दिला होता. मंग त्यानं पावती काढली, नाव इचारलं. मी सांगतलं. "पूर्ण सांग." मी आडनाव सांगतलं. "जानेफळात कोणत्या बाजूले राह्यता?" तेही सांगतलं. त्याचा पेन थांबला. "ठेव तो खाली. हाताले करंट असते. बोर्ड मरते."

मी ठेवला. निजलेलं लेकरू ठेवावं तसा, हळूच.

मी तवा फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायची. लग्नं, वाढदिवस, पुढाऱ्यांचे हसरे फोटो. कॉम्प्युटर मालकाचा. मले माझा स्वतःचा जोडायचा होता, एकेक भाग पारखून. पह्यला मदरबोर्ड, कारण बाकी सगळं त्याच्यावरच बसते. मोबाइलवर व्हिडिओ पाहू पाहू ठरवलं होतं, रॅमचे चार स्लॉट पाह्यजेत. आज दोन भरीन, काम वाढलं की बाकीचे दोन.

"चार कायले? किती वाढणार हायेस?" तो म्हणे. "दोनचा ने. तुमच्या कामाले लय झाला."

तुमच्या. मी तर एकटीच गेली होती.

तेवढ्यात एक वकीलसाहेब आले. दुकानदारानं तोच चारचा बोर्ड त्यांच्या हातात दिला. साहेबांनी उलटा केला, प्रोसेसरच्या जागी पिना असतात, जिथं बोटही लावू नये, तिथं अंगठा फिरवला. दुकानदार हसून राह्यला होता. त्यानं चहा सांगतला. करंटचं काही बोलला नाही.

दोनवाला खोका त्यानं माझ्याकडं काउंटरच्या काचेवरून सरकवला. मी उचलला. माय आठवली. माय शाळा झाडायची, आन् किराणा असाच घ्यायची. वाण्यानं ओट्यावर ठेवायचं, त्याचा हात मागं गेला की मायनं उचलायचं. लहानपणी मले वाटे, सौदा असाच घेतात.

लाज याची नाही की मी मुकाट्यानं आली. लाज याची हाय, की मी त्याचं खरं मानलं. घरी बोर्ड बसवतांनी दोन्ही हातात प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या, मनगटाले गाठी मारल्या. स्क्रू निसटून जात. भाकर थापतांनी, वेणी घालतांनी कानात यायचं, ठेव खाली. मी हात पाहत बसायची. काय हाय ह्या हातात?

पुढं जालन्याले दुरुस्तीचा कोर्स लावला. मॅडमनं पह्यल्याच दिवशी बोर्ड पुढं केला. मी पर्समधून पिशव्या काढल्या. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"हे काय गं?"

"माझ्या हाताले करंट हाय."

"सगळ्यांच्याच हाताला असतो. आधी लोखंडाला हात लावायचा, उतरून जातो. मग धर बिनधास्त."

सगळ्यांच्याच. वकीलसाहेबांच्याही, त्या दुकानदाराच्याही. मी तिथंच रडली. संतापानं रडली. गोष्ट खरी होती, पण त्यानं ती माझ्यापुरतीच काढली होती. आन् मी इतके दिवस पिशव्या घालून बसली होती!

गेल्या महिन्यात मी परत त्याच दुकानात गेली. आता काम माझं स्वतःचं हाय आन् दोन स्लॉट पुरत नाहीत. "चारचा दाखवा," म्हटलं. ओळखलं त्यानं. खोका काचेवर ठेवून बोर्ड काढायले गेला.

"थांबा काका. आधी लोखंडाले हात लावा. करंट असते."

"तू मले शिकवून राह्यली?"

"हाव."

मी लोखंडी रॅकले हात लावला. बोर्ड मीच काढला, उजेडात धरला. एक पिन वाकडी होती. "दुसरा द्या."

त्यानं दुसरा खोका आणला. काचेवर ठेवला, सरकवला, हात मागं घेतला.

"काचेवर नको. हातात द्या."

तो उभाच राह्यला. मीही हात पुढं करून उभी राह्यली. त्यानं दिला नाही. मी खोका उचलला नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं जालन्याले गेली आन् बोर्ड तिथून आणला.

तो आवाज अजून येते. आजही एखादा खोका उघडला की पह्यले तेच ऐकू येते, ठेव खाली. येऊ दे. माय उचलत होती, मी उचलणार नाही. ज्याले माझ्या हातात देता येत नसंल, त्यानं त्याचा माल त्याच्या काचेवरच ठेवावा.