लॅपटॉपच्या कागदावरची सही

"करा सही. पाहू द्या आम्हाला," मुख्याध्यापक म्हणाले आणि स्वतःचा पेन मायपुढे धरला.

मायनं तो मुठीत धरला, विळा धरावा तसा. कागदावर टेकवला आणि तिथंच थांबली. बाजूच्या खुर्च्यांवरचे दोन शिक्षक हसले. एक म्हणाला, "बाई, तेंदूपत्ता नाई तो. कागद आहे."

मी त्याच खोलीत भिंतीला टेकून उभी होते. बी.ए. झालेली.

"लॅपटॉपच्या कागदावरची सही मीनंच केली, सर," असं माय खोटं बोलली होती. सही माझी होती.

आमच्या घरी बाप नाही. मायनं तेंदूपत्ता तोडून, मोहफूल वेचून मला ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ठेवलं. गावातली पहिली पदवी माझी. कोणाकडे कागद आला की तो माझ्या हातात यायचा. मला त्याचा माज होता. माझी धाकटी बहीण रोशनी आठवीत आहे. शाळेनं तिला लॅपटॉप घरी दिला, सोबत चार पानांची नियमावली. सगळी इंग्रजीत. माय कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी नीट वाचायला बसले असते तर अडखळले असते, आणि ते तिला दिसलं असतं. म्हणून दोन ओळींवरून नजर फिरवली आणि पालकाच्या जागी मायच्या नावानं सही ठोकली.

पुढं एक दिवस रोशनी लॅपटॉप घेऊन आली. "ताई, शिष्यवृत्तीवाली मॅडम फोटो मांगून राह्यली. पाठवू का?"

मी त्याच शाळेतल्या कंत्राटी नोकरीचा अर्ज लिहीत होते. मान वर केली नाही. "पाठव ना. एवढं काय विचारते?"

मॅडम कोणी नव्हतीच. रोशनीच्या फोटोचं घाणेरडं चित्र बनवून कुणीतरी वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. पोरीनं अन्न सोडलं. मला एकदाच म्हणाली, "तू म्हटलं तं पाठवला ना मीनं." शाळेत मात्र माझं नाव तिनं काढलं नाही. मायनंही नाही. नाव घेतलं तर ताईची नोकरी हुकेल, म्हणून गप्प राहायचं असं दोघींनी ठरवलं. मी त्यांना तसं ठरवू दिलं. हे लिहितानाही लाज वाटते.

मुख्याध्यापक मला चेहऱ्यानं ओळखत नव्हते. माझा अर्ज त्यांच्याच टेबलावरच्या गठ्ठ्यात होता. चूक आमच्या मुलीचीच, असं लिहिलेला माफीनामा त्यांनी पुढे सरकवला. "घरात शिकलेलं कोणी नाही. अशा घरी लॅपटॉप द्यायलाच नको होता. मुलीनं स्वतः फोटो पाठवला, शाळेचा काय दोष? अंगठा लावा आणि तिचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा."

मायनं पेन खाली ठेवला. अंगठा शाईकडे नेला.

मी तिचं मनगट धरलं. "थांब, माय."

मग तोंडातून एकदमच निघालं. "सही माही आहे, सर. फोटो पाठव, हे मीनंच म्हटलं. मी बी.ए. आहे, तरी मले समजलं नाई. मग तेरा वर्साच्या पोरीले कसं समजन? अनोळखीनं फोटो मांगला तं काय करायचं, हे तुमी कोणत्या पोरीले शिकवलं?"

"नियमावलीत सगळं लिहिलं होतं."

"कोणत्या भाषेत?"

मी टेबलावरच्या अर्जांकडे बोट दाखवलं.

"माहा अर्ज त्या गठ्ठ्यात आहे. काढून फाडा," मी म्हणाले.

दाराबाहेर थांबलेल्या रोशनीला घेऊन आम्ही तिघी तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेलो. फोटो पाठवायला कोणी सांगितलं, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा मी माझं नाव सांगितलं. लिहून घ्या म्हटलं.

नोकरी मिळाली नाही. रोशनीची मी माफी मागितली. तिनं माफ करावं असं तिच्यावर बंधन नाही. तो फोटो कोणाकोणाकडे असेल, मला माहीत नाही. ते माझ्या डोक्यावर आहे, राहील. पण आमच्या पोरीला गुन्हेगार ठरवणारा कागद आमच्या हातून निघणार नाही. आता ज्या घरी शाळेचा लॅपटॉप येतो, त्या घरी मी जाते. कॅमेरा झाकायचा, पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, फोटो कोणी मागितला की आधी घरात सांगायचं. हे पोरींना सांगते, आणि घरातल्यांना सांगते की पोरगी विचारायला आली तर मान वर करा.

गुन्हा नोंदवला गेला. माफीनाम्यावर अंगठा पडला नाही. रोशनी त्याच शाळेत, आठवीत शिकते आहे.