मार्थाबाईंची गाडी चुकली, आता गल्लीला काय सांगू?

मंडळी, तुम्ही आमच्या गल्लीतले नाही, म्हणून तुमच्यापाशीच मन मोकळं करतो.

आमच्या शेजारच्या मार्थाबाई आज मुंबईला पोपच्या दर्शनाला निघाल्या होत्या. देवाघरी गेलेल्या लेकीची जपमाळ पोपच्या आशीर्वादाखाली धरायची, एवढीच आस. उद्या सकाळी दादर, बहिणीकडे आंघोळ, दुपारी पोपच्या प्रार्थनेचं मैदान, असा सगळा बेत मीच आखून दिला होता.

पण कुणी लांब निघालं की आमच्या गल्लीत हातावर दही देतात. पहिल्या दारात थांबल्या, मग दुसरं दार टाळायचं कसं?

"आमच्याच घरचं दही कडू आहे काय वं, मावशी?"

मी घड्याळ दाखवत राहिलो, बाया हसत राहिल्या.

स्टेशनात शिरलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाटाबाहेर जात होता. पुढच्या गाडीनं पोहोचेपर्यंत तिकडचं सगळं उरकलेलं असणार.

मार्थाबाई बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मले घरी नेऊ नका, भाऊ. गल्लीतल्या पोरींले वाटन, आपल्यामुळंच गाडी चुकली."

शेवटी माझ्या भाचीकडे राहायला म्हणून त्यांना इथून जवळच्या कोराडीच्या बसमध्ये बसवून दिलं. दुसरं काही सुचलंच नाही.

परवा त्या परततील. साऱ्या जणी गोळा होऊन विचारतील, पोप कसे दिसले? मार्थाबाईंना खोटं बोलवत नाही, आणि खरं सांगून त्यांना पोरींना दुखवायचं नाही. त्यांच्या शेजारी उभं राहून मी काय बोलू, तुम्हीच सांगा.