धुऱ्याकडचा कोपरा

घाटंजीकडच्या आमच्या सहा एकरांत धुऱ्याजवळचा, म्हणजे बांधालगतचा एक कोपरा कधी वखरला गेला नव्हता. मायची चार लेकरं तिथं पुरलेली. दोन हिवतापानं गेली, एक देवीनं, एक जन्मल्यावर सातव्या दिवशी आकडी येऊन. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर बोराटीच्या काट्या.

मी शाळेत होतो तेव्हा घराघरात औषध फवारणारे आले, देवी टोचणारे आले, विहिरीत पांढरी पावडर पडू लागली. त्यानंतर झालेले तिन्ही भाऊ जगले. मी बी.ए. झालो, घराण्यात पहिला. त्याचा अभिमान मी लपवत नाही. पण सहा एकरांवर आता पाच भाऊ होते.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर माझ्या पाठच्या भावानं वखर त्या कोपऱ्याकडं वळवला. माय बैलांसमोर जाऊन बसली.

"ऊठ वं माय. थोडीशी जवारी होईन तिथं."

"माह्ये लेकरं हायेत इथं."

"आन आम्ही जिते पाच? आम्ही काय माती खावाव?"

बाप कासरा धरून उभा. मी कॉलेजात शिकलेलं सांगू लागलो, की आता पहिल्यासारखे लोक मरत नाहीत, मेलेल्यांना जागा लागत नाही.

"मेलेल्यायसाठी कोण बसलं?" माय म्हणाली. "सुनेले आठवा लागला. काही झालं त न्याव कोठी? जागा राखून राह्यली मी."

भावाचा हात वखरावरून खाली आला.

"तू शिकला ना?" माय माझ्याकडं वळली. "मंग सांग. आता इथं कोणाले आणा लागन काय?"

"नाही," मी म्हणालो.

माय उठली. काट्या तिनंच ओढून काढल्या, कोणाला हात लावू दिला नाही.

जवारी वीतभर झाली आणि भावाच्या बायकोला कळा लागल्या. नाळ कापायला नवं पातं मीच उकळून आत दिलं. बराच वेळ आतून काही ऐकू येईना. ओसरीवर भाऊ माझ्याकडं बघत नव्हता. मग रडणं आलं.

माय दारात आली. बापाला नाही, भावाला नाही, मला म्हणाली, "पोरगी झाली. रडली."

मी पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी यवतमाळला नोकरीवर हजर व्हायचं होतं.

"ठेव ते पिशवी," माय म्हणाली. "सातवा दिवस जाऊ दे. जबान तुह्यी हाय."

मी पिशवी खुंटीला टांगली.