वीणा खाली ठेवायची नसते

टोपली जशी गेली तशीच परत आली. वर झाकलेला पंचासुद्धा कुणी उचलून पाहिला नव्हता. रेणापूरजवळच्या आमच्या गावात दरवर्षी फाल्गुनात हरिनाम सप्ताह बसतो आणि सातही दिवस घरटी एक टोपली भाकरी मंडपात जाते. सगळ्यांच्या भाकरी एकाच चादरीवर ओततात. कुणाची भाकरी कोणती हे कळू नये, यातच सगळा धर्म आला, असं आई मला लहानपणापासून सांगायची. त्या वर्षी पहिल्याच दिवशी तिची टोपली ओळखली गेली. तिनं ती ओट्यावर ठेवली, पंचा सारखा केला आणि विझलेल्या चुलीपुढं जाऊन बसली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

कारण मी होते. माझे वडील लातूरच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. खराब निघालेली पत्रकं ते घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अभ्यास करायचे. पण माझं लक्ष छापलेल्या बाजूकडंच जास्त असायचं. मोर्चे, परिषदा, निवडणुका, व्यसनमुक्ती, जाहीर निषेध. गोष्टींच्या पुस्तकांआधी मी ‘बंधुभगिनींनो, जागे व्हा’ वाचायला शिकले. वडील गेले, पण ती भाषा माझ्या हातात राहिली. म्हणून सप्ताहाच्या आठ दिवस आधी मी एक पत्रक छापून घरोघर वाटलं. प्रश्न साधा होता. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही, दर दोन तासांनी पहारा बदलतो, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मग पहारेकऱ्यांची नावं लिहितात त्या फळ्यावर आजवर एकाही बाईचं नाव का नाही? पाळी येते म्हणून? तर मग ज्या बाईच्या पोटी वीणेकरी जन्मला तिचं काय?

एवढ्यावर थांबले असते तर पुरुषच चिडले असते. पण पत्रकाला शेवटी एक झणझणीत ओळ लागते. मी लिहिलं, ‘आमच्या बायांना बेडीच दागिना वाटते.’ ती ओळ सुचली त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. गोदाकाकूंनी ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि त्यानंतर आमच्या दारावरून जाताना त्या पदर तोंडाला लावून जाऊ लागल्या. याच काकूंच्या मांडीवर बसून मी हरिपाठ पाठ केला होता.

सप्ताह मंडळाचे प्रमुख सोपानतात्या संध्याकाळी आले. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. “पोरी, काल्याच्या दिवशी माईकवर माफी वाच. कागदावर लिहून आण, तोंडी नको. तुझं तोंड लई चालतं. मग आईची टोपली चालती. न्हाई तर न्हाई.” आई आतून ऐकत होती. गेल्या चाळीस वर्षांत तिचा एक काला चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला नोकरीवर परतावं लागलं. किनवट तालुक्यात मुलींच्या एका वसतिगृहावर मी अधीक्षिका आहे. नांदेडहून रेल्वेत बसले तेव्हा लातूरच्या मैत्रिणीचा फोन आला. तिला वाटलं मी आनंदात असेन. “सुटलीस! आता देवालाच सोड की सरळ. वीणा गळ्यात घालून काय क्रांती होणार आहे?” मला देव सोडायचा नव्हता, हे तिला सांगायची लाज वाटली. आणि मला देव हवा आहे, हे गावाला पटणार नव्हतं. एका बाजूला मी नास्तिक होते, दुसऱ्या बाजूला भोळी. खिडकीबाहेर पळसाची झाडं लालभडक फुललेली होती. एवढ्या मोठ्या डब्यात मी विठ्ठलाचं नाव घ्यायला गेले तर तेही घशात अडकलं. कुणाच्या तोंडून घेऊ? मी नक्की कुणातली, हेच मला कळत नव्हतं.

रविवारी सुट्टी होती. माफी लिहायची म्हणून मी इस्लापूरला उतरून सहस्रकुंडला गेले. तिथं महादेवाच्या सान्निध्यात निदान लिहिणं जमेल, असं वाटलं. पैनगंगेचं पाणी उतरलेलं होतं. काळ्या खडकांतून दोन-तीनच धारा पडत होत्या. एका खडकावर बसून मी सगळं लिहून काढलं. पत्रक लिहिलं ही चूक, वाटलं ही चूक, परंपरेचा अवमान केला ही चूक. अक्षर सुंदर आलं. एवढी खोटी गोष्ट मी आयुष्यात कधी एवढ्या वळणदार अक्षरात लिहिली नव्हती. घडी करून कागद पिशवीत टाकला. परतीची ऑटो मिळेना, बाटलीतलं पाणी संपलेलं, म्हणून पायवाटेनं दिसेल त्या वाडीकडं चालू लागले.

वाडीच्या टोकाला पत्र्याचं एक छोटं देऊळ होतं. आत एक म्हातारी बाई एकटीच उभी होती. गळ्यात वीणा, कपाळाला बुक्का, डोळे मिटलेले. आवाज बसला होता, तरी ‘रामकृष्णहरी’ चालूच होतं. मंडप नाही, कर्णा नाही, माणूस नाही. मी दारातच थांबले. तिनं डोळे उघडले आणि मी जणू ठरल्या वेळेलाच आले आहे अशा सुरात म्हणाली, “आलीस का बाई? ये. धर जरा.”

तिच्या नंतरचा पहारा जिचा होता तिचं लेकरू तापानं फणफणलं म्हणून ती दवाखान्यात गेली होती. बाकीच्या हरभरा काढायला रानात. पुरुष सगळे हैद्राबादला बांधकामावर. ही सकाळपासून उभी होती, दोन पहारे उलटून गेले होते. पाय सुजून टम्म झाले होते. बसता येत नव्हतं, वीणा ठेवता येत नव्हती. सुंदराबाई तिचं नाव.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. मी मागं सरकले. त्या दिवशी माझी पाळी सुरू होती. पत्रकात ज्याला मी खुळचटपणा म्हटलं होतं, तोच माझ्या दोन्ही हातांत भरून आला आणि हात पुढं होईनात. मी ज्यांना नावं ठेवली त्या सगळ्या बाया त्या क्षणी माझ्या आत उभ्या होत्या. मी खाली बघत तिला सांगून टाकलं.

“मला कशाला सांगती?” ती म्हणाली. “मी काय डाक्टर हाय? हात हायत न्हवं तुला? धुऊन ये.”

मी रांजणातल्या पाण्यानं हात धुतले, तिच्या पाया पडले. ती माझ्या पाया पडली, कारण वीणा देताना-घेताना तशी रीत आहे. मग तिनं स्वतःच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला आणि वीणेचा पट्टा माझ्या खांद्यावर आला. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. तारा घामानं ओल्या होत्या. मी एक बोट फिरवलं, नाद उठला आणि रेल्वेत अडकलेलं नाव आपोआप बाहेर पडलं. दोन तास मी उभी होते. समोर विठ्ठल-रखुमाईच्या हातभर मूर्ती, बाहेर ऊन, आणि खांबाला टेकून पाय चोळणारी म्हातारी. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मी कुणाच्या विरुद्ध उभी नव्हते. नुसती उभी होते.

इथं बाया कधीपासून वीणा धरतात, असं मी मधेच नाम थांबवून विचारलं तर तिनं सांगितलं. नव्यानं लग्न होऊन आली त्या काळात एका सप्ताहात चौथ्या दिवशी वीणेकरी म्हातारा भोवळ येऊन कलंडला. तिनं पळत जाऊन वीणा पडता पडता गळ्यात घेतली. कामाला बाहेर गेलेले पुरुष गावाकडं आल्यावर त्यांनी वीणा गोमूत्रानं धुतली. तीन वर्षं तिच्या घागरीचं पाणी कुणी प्यालं नाही, हळदीकुंकवाला बोलावलं नाही. “मी भांडले न्हाई. पुढल्या साली पुन्हा मानूस कमी पडला, मी जाऊन हुबी राहिले. त्यांनी पुन्हा धुतली.” ती हसली, दात नव्हते. “आता पोरी म्हनतात, आपल्या वाडीत बायाच धरतात, पहिल्यापासून रीतच हाय. पहिल्यापासून! मी काय बोलत न्हाई.”

पहाऱ्याची बाई दवाखान्यातून आली, लेकराचा ताप उतरला होता. वीणा तिच्या गळ्यात गेली. मग मी सुंदराबाईंना माझा कागद वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकला. “यातलं खरं कंचं हाय, तेवढं ठिव,” म्हणाल्या आणि मला गूळ-पाणी दिलं.

काल्याच्या आदल्या रात्री मी रजा काढून गावी पोचले. काल्याच्या दिवशी आईनं पहाटे उठून पुन्हा भाकरी केल्या. टोपली डोक्यावर घेऊन ती माझ्याबरोबर मंडपात आली. “काय लिहिलंस?” तिनं वाटेत विचारलं. मी म्हटलं, “थोडंच.” तिनं माझ्याकडं पाहिलं, टोपली जरा सावरली आणि चालत राहिली.

सोपानतात्यांनी माईक दिला. मी म्हणाले, “बायांना बेडी दागिना वाटते, असं मी लिहिलं. ते खोटं होतं आणि उर्मटपणाचं होतं. ती बेडी माझ्याही हातात निघाली. त्या ओळीबद्दल गोदाकाकूंची आणि सगळ्यांची माफी मागते. बाकीचा प्रश्न मागं घेत नाही. परवा मी एका वाडीत दोन तास वीणा—” इथं माईक बंद झाला. पुढचं मी तसंच बोलले, जेवढ्यांना ऐकू गेलं तेवढ्यांना.

टोपली परत आली. आम्ही दोघी मंडपाबाहेर लिंबाखाली बसलो आणि तिथूनच काल्याचं कीर्तन ऐकलं. दहीहंडी फुटली, पंगती बसल्या, आमच्याकडं कुणी आलं नाही. आईनं पंचा उलगडला, एक भाकरी मला दिली, एक स्वतः घेतली. मला वाटलं, चाळीस वर्षांचा काला मी आईच्या हातून हिसकावला. डोळे भरून आले. आई म्हणाली, “जेव. ऐकू येतंय न्हवं? मग चुकला कुठं?”

पंगत उठता उठता गोदाकाकू आल्या. सरळ नाही, हात धुवायला आल्यासारख्या. थोडं अंतर ठेवून बसल्या. बराच वेळ पदराचं टोक चाळवत होत्या. मग दुसरीकडं बघत हळूच म्हणाल्या, “लई जड असती का गं?”

“काय, काकू?”

“वीणा.”

मी म्हटलं, “न्हाई काकू. पट्टा असतो खांद्याला.”

“असं होय,” त्या म्हणाल्या. मग हात लांबवून आमच्या टोपलीतली एक भाकरी घेतली, मोडली आणि खाऊ लागल्या.

गावाचं म्हणाल तर त्या वर्षी काहीच बदललं नाही. फळ्यावर बाईचं नाव अजून लागलेलं नाही आणि माझ्याशी बोलणारी घरं अजून बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पण आता मला घाई नाही. पूर्वी मला वाटायचं की शरण जायचं म्हणजे मान खाली घालून कागद वाचायचा. आता कळतं, शरण जायचं ते फक्त विठ्ठलाला, आणि माणसांमध्ये आपला पहारा येईल तेव्हा निमूट उभं राहायचं. ज्या तहानेनं मला त्या पायवाटेवर ढकललं, तिचे उपकार मी कसे फेडू? रोज सकाळी वसतिगृहात मुली उठायच्या आधी मी हात धुते आणि रिकाम्या खांद्यावर तो पट्टा एकदा आठवून बघते. मग दिवस सुरू करते.