दोन्हीचं नाव पाणी

तुमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचं ‘पाणी’ घरात कोणत्या बाटलीत ठेवलं आहे, हे आत्ता न उठता सांगता येईल तुम्हाला?

आमच्याकडे ते प्यायच्या पाण्याच्या बाटलीत होतं. धानाच्या रोवणीचे दिवस. काकांचा ट्रॅक्टर शेतात, बांधीतच बंद पडला, म्हणून ते सानगडीहून दोन बाटल्या घेऊन आले. एकीवर डिस्टिल्ड वॉटरचं लेबल. दुसरी प्यायच्या पाण्याची, बिनलेबलाची, तिच्यात तेजाब, म्हणजे ॲसिड. दुकानदाराच्या तोंडी एक ‘साधं पाणी’, दुसरं ‘तेज पाणी’.

मी पत्रकं वाचत मोठी झाले. वडील सभांची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. छापलेलं दिसलं की वाचायचं, ही तेव्हाची सवय. बॅटरीवरही वाचलं होतं. तिच्यातलं पाणी वाफ होऊन उडतं, तेजाब उडत नाही. म्हणून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर.

“काका, तेजाब टाकायचंच नसते.”

“आली भाषणवाली! ट्रॅक्टर मी चालवतो का तू?”

बिनलेबलाची बाटली त्यांनी शेताच्या धुऱ्यावर, रोवणाऱ्या बायांच्या पिशव्यांजवळ ठेवली आणि पाना शोधू लागले. मी वळून पाहिलं तर बाटली तिथे नव्हती.

“बाटली कोठी आहे, काका?”

“तेथीच तं आहे.”

नव्हती. मी बांधीकडे धावले आणि ओरडले, “पाणी पिऊ नका! कोणीच पाणी पिऊ नका!”

बाया हसायला लागल्या. “काहून व? आज निर्जळी उपास आहे का?”

दुसरा शब्दच सुचत नव्हता. बाटली त्या बायांबरोबर रोवणी करणाऱ्या काकीच्या हातात होती. तंबाखूचा खर्रा थुंकून चूळ भरायला तिने ओंजळीत ओतलं होतं. सततच्या चिखलाने तिच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या, त्या उघड्या कातडीला आग लागली आणि तिने हात झटकला. तोंडात गेलं नाही. पण एक थेंब डोळ्यात उडाला.

“माय व! माहा डोरा!”

कोणी म्हणालं दूध टाका, कोणी म्हणालं हळद. मी तिला पाण्याच्या मोटारीच्या पाइपाजवळ ओढत नेलं. पापणी उघडी धरून हाताने पाणी घालत राहिले, थांबलेच नाही. ती शिव्या देत होती, “सोड मले, थंडी वाजून राहिली!” काका बाजूला उभे होते, हातात पाना तसाच. मी ओरडले तेव्हा कुठे ते गाडी काढायला पळाले.

साकोलीच्या दवाखान्यात डॉक्टर डोळा तपासत होते, तेवढा वेळ मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काकी पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, “दिसन ना मले?” शेवटी ते म्हणाले, नजर राहील. लगेच धुतलं म्हणून.

पट्टी निघाल्यावर मी दोन बोटं धरली. काकी म्हणाली, “दोन दिसून राहिले व. अन् तुया काकाचं थोबाडबी दिसून राहिलं, तेवढं नसतं दिसलं तं बरं होतं.” सगळे हसले. मला हसू आलं नाही.

तेव्हापासून दिसेल ती बॅटरी मला घाबरवते. मोटरसायकलची सीलबंद बॅटरी, तिला पाणी लागत नाही म्हणून आम्ही निर्धास्त. पण तेजाब तिच्यातही आहे, फुटली की बाहेर येणारच. शेजारच्यांच्या इलेक्ट्रिक स्कूटरची लिथियम बॅटरी फुगली होती आणि तरी ते ती खाटेजवळ चार्जिंगला लावत. भांडून ती वापरणं बंद करायला लावलं. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होताना काका विडी पेटवतात, तेव्हा मी विडी हातातून काढून घेते. त्या वेळी निघणारा वायू भडकतो, हे त्यांना आता दहादा सांगून झालंय.

सानगडीच्या त्या दुकानात मी गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला, “ताई, सगळेच असं नेतात. कोणी काही म्हणत नाही.”

ते खरं आहे, आणि मला भीती त्याचीच वाटते. म्हणून मागणं आहे: तुम्ही म्हणा. दुकानात ‘तेज पाणी’ असं म्हणून कोणी प्यायच्या बाटलीत ओतू लागला, तर तिथेच त्याचा हात थांबवा, ‘तेजाब’ हा शब्द मोठ्याने उच्चारा आणि ती बाटली न घेता परत या.